भाडे, हप्ता आणि सावित्रीचे पाणी

निवृत्तीनंतर दरमहा घरबसल्या चार पैसे यावेत, या हेतूने एखादा ब्लॉक घेऊन तो भाड्याने देण्याची कल्पना आता शहरांपुरती उरलेली नाही. शिक्षक, कारकून, लहान व्यापारी या वर्गांतून ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. महाडसारख्या गावी तिला आधारही आहे. औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांमुळे बाहेरगावचा तंत्रज्ञ व कामगार येथे बिर्‍हाड करतो. कचेऱ्या, न्यायालय व शाळा यांमुळे बदलीवरचा नोकरदार येतो. मागणी आहे, हे खरे. परंतु मागणी असणे आणि व्यवहार परवडणे या भिन्न गोष्टी आहेत.

उदाहरणादाखल २५ लाख रुपयांचा एक ब्लॉक घेऊ. मुद्रांक शुल्क, नोंदणी व किरकोळ खर्च धरून तो २७ लाखांस पडला आणि त्यास दरमहा ८,००० रुपये भाडे मिळू लागले, असे मानू. वर्षाचे ९६,००० रुपये झाले असे मालक म्हणतो आणि येथेच हिशेब फसू लागतो. एक बिर्‍हाड उठून दुसरे येईपर्यंत महिनाभर जागा रिकामी राहते. घरपट्टी, सोसायटीची वर्गणी, रंगरंगोटी आणि कोकणातल्या पावसाने ठरलेली गळतीची दुरुस्ती यांपायी वर्षाकाठी १६,००० रुपये धरले, तर हाती ७२,००० रुपये उरतात. गुंतविलेल्या २७ लाखांवर हे उत्पन्न पावणेतीन टक्क्यांहूनही कमी भरते. बँकेतील मुदतठेव, तीही कोणाच्या दारी भाडे मागण्यास न जाता, याहून अधिक देते.

आता यात कर्ज आणू. २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १७,३५० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ८ हजार रुपये होतो. भाड्यातून उरलेले ७२,००० त्यातून वजा केले तरी १ लाख ३६ हजारांची तूट पगारातूनच भरावी लागते. भाडेकरू आपले कर्ज फेडतो, ही समजूत किती पोकळ आहे ते यावरून दिसावे. याच व्याजाने लाख रुपयांच्या कर्जास महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. दरमहा उरणारे ६,००० रुपये त्या मानाने जेमतेम सात लाखांचे कर्ज पेलू शकतात. उलट रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची बँकांना मुभा आहे. बँक मुख्यतः कर्जदाराचा पगार पाहते, घराची कमाई नव्हे. तेव्हा बँक किती देते हा प्रश्नच नाही. घर किती फेडते, हा आहे.

यावर दोन उत्तरे हमखास दिली जातात. हप्त्यात मुद्दलही फिटते, हे पहिले. फिटते खरे, पण पहिल्या वर्षीच्या २ लाख ८ हजारांपैकी मुद्दलात जातात सुमारे ४०,०००. उरलेले सारे व्याज. दुसरे उत्तर प्राप्तिकराचे. भाड्यातून घरपट्टी वजा जाता ३० टक्के सूट मिळते व व्याजही वजा होते. वरील उदाहरणात कागदोपत्री सुमारे १ लाख १० हजारांचा तोटा दिसेल आणि जुन्या करपद्धतीत तो पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येईल. वीस टक्के कर भरणाऱ्याचे त्यात बावीसएक हजार वाचतात. तूट मात्र १ लाख ३६ हजारांची आहे. शिवाय नव्या करपद्धतीत हा तोटा पगारातून वजा करता येत नाही.

व्याजाचा दर वीस वर्षे स्थिर राहील, असे धरणेही भाबडेपणाचे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य दराशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधीत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. सात टक्क्यांचे वीस लाखांचे कर्ज साडेनऊवर गेले, की हप्ता १५,५०० वरून १८,६०० च्या पुढे जातो. किंवा हप्ता तोच ठेवून मुदत लांबते. दहा महिन्यांत भाडे त्या प्रमाणात वाढविणारा मालक महाडात भाडेकरू गमावील.

येथवरचा हिशेब कोणत्याही गावाचा आहे. महाडचा खास भाग पुढेच आहे. महाबळेश्वराहून निघालेली सावित्री पोलादपूरवरून महाडास येते, तेथे गांधारी तिला मिळते, आणि खाडीच्या भरतीची वेळ साधली तर पाणी ओसरावयास मार्ग उरत नाही. २००५ च्या जुलैत आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी महाडने महापूर पाहिले. तळमजल्यावरील ब्लॉकाचे अशा एका वर्षी तीन महिन्यांचे भाडे बुडाले आणि दारे, गिलावा, वीजजोडणी यांस ६०,००० लागले, तर एकूण ८४,००० जातात. म्हणजे वर्षभराच्या निव्वळ उत्पन्नाहून अधिक. सोळा वर्षांत दोनदा असे घडते असे धरून सरासरी काढली, तर वर्षाला साडेदहा हजारांचा भार दिसतो व तो फारसा वाटत नाही. परंतु पूर सरासरीने येत नाही. तो एका रात्रीत येतो, आणि त्याच रात्री मालकाचे राहते घरही पाण्यात असण्याचा संभव असतो. हप्ता मात्र पुढच्या महिन्याच्या ठरल्या तारखेस कापला जातोच. म्हणून सहा हप्त्यांइतकी रक्कम बाजूस ठेवल्याखेरीज तळमजल्याच्या जागेत पडू नये. पुरासह भाड्याच्या नुकसानीची भरपाई देणारी ‘भारत गृह रक्षा’ ही विमा पॉलिसी २०२१ पासून उपलब्ध आहे. तिचा हप्ता खर्चात धरावा.

पोलादपूरची गोष्ट निराळी. तेथे महाडसारखी औद्योगिक वसाहत नाही. भाडेकरू म्हणजे बदलीवर आलेला कर्मचारी किंवा महामार्गाच्या कामावरचा माणूस, आणि काम संपले की हा दुसरा जातो. तेथे नवा ब्लॉक घेण्यापेक्षा, पुराच्या पातळीवर असलेल्या स्वतःच्या घरावर दोन खोल्या चढविणे बहुधा शहाणपणाचे ठरेल, कारण जमिनीची किंमत पुन्हा मोजावी लागत नाही. सात लाखांत दोन खोल्या होऊन महिना ६,००० आले व खर्चवेच जाता वर्षाचे ५६,००० उरले, तर उत्पन्न आठ टक्के पडते. त्यासाठी चार लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी काढले, तर वर्षाचा हप्ता ४९,००० च्या आत राहतो. येथे भाडे खरोखरच कर्ज फेडते. अट इतकीच, की जुना पाया वरचा भार सोसेल किंवा नाही हे अभियंत्याकडून पाहून घ्यावे आणि रीतसर परवानगी घ्यावी. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली.

कराराबाबत अजूनही भीती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू असलेल्या परवान्यांवरील रहिवाशांना कायद्याने एकदम संरक्षित भाडेकरू केले होते. पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लेखी करार व त्याची नोंदणी आवश्यक करून ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी टाळून हजार-दोन हजार वाचविणारा मालक, वाद झाल्यास भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाण्याचा धोका पत्करतो. करारापोटी मिळणारे डिपॉझिटही हप्त्यात घालू नये. ते उत्पन्न नव्हे, बिर्‍हाड उठेल त्या दिवशी परत करावयाचे देणे आहे. आणि तळमजल्यावरची बिर्‍हाडे उठण्याचा संभव सर्वांत अधिक असतो तो पूर ओसरल्यावर, नेमका मालकाचा हात रिकामा असताना.