घर बांधणारे आणि आज्ञावली लिहिणारे

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठीं जी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहावी लागते, तिचा घरें बांधण्याच्या कलेशीं संबंध काय, असें श्रोत्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु तो संबंध आहे, आणि त्याचा एक धागा आपल्याच देशांतील खेड्याशीं येऊन पोंचतो.

ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे गणित शिकलेले वास्तुशिल्पज्ञ. १९६४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं सुमारें सहाशें वस्तीच्या एका भारतीय खेड्याच्या गरजा मांडल्या; त्या १४१ भरल्या. पाणी, गुरें, शेती, जातिभेद, सारें त्यांत आहे. आतां यांतील एक गरज भागवूं जावें तों दुसरी बिघडते. समजा, विहीर गुरांच्या सोयीची केली, कीं पिण्याचें पाणी दूषित होण्याचें भय! म्हणून एकमेकींत गुंतलेल्या गरजांचे गट पाडावे, आणि गटागटांतील गुंता शक्य तितका कमी ठेवावा, अशी त्यांची युक्ति. गट पाडण्याचें हें गणित त्यांनीं संगणकाकडूनच करवून घेतलें. मोठी आज्ञावली लिहिणाऱ्यासहि हीच अडचण नडते. एकीकडे दुरुस्ती करावी तर दुसरीकडे बिघाड.

१९७७ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ काढला. त्यांत २५३ नमुने आहेत. प्रत्येकांत नेहमींची एक अडचण व तिजवरील उपाय. खोलीस दोन बाजूंनीं उजेड असावा. सज्जा सहा फुटांहून अरुंद असल्यास तो फारसा वापरला जात नाहीं. (आमच्या चाळींचे सज्जे याहून अरुंद असूनहि गजबजलेले असतात, तें सोडा.) राहणाऱ्यानें आपलें घर आपणच योजावें, हा यांतील हेतु.

केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९८७ सालीं ही कल्पना आज्ञावलीकडे वळविली. १९९४ सालीं चौघा लेखकांनीं अशा २३ नमुन्यांचें पुस्तक लिहिलें व तें जगभर गाजलें. पण माझ्या मतें येथें एक गोष्ट निसटली. हे नमुने कारागिरांपुरते राहिले, राहणारा बाहेरच उभा. १९९६ सालीं सॅन होझे येथें खुद्द अलेक्झांडर यांनींच आज्ञावलीकारांच्या सभेंत विचारलें, कीं या नमुन्यांनीं तुमच्या आज्ञावली खरोखर अधिक चांगल्या झाल्या काय, आणि त्यांमुळें माणसांचें जीवन सुधारतें काय?

कनिंगहॅम यांनीं मात्र १९९५ सालींच, हे नमुने जमविण्यासाठीं, कोणासहि लिहितां-खोडतां येईल असें एक स्थळ संगणकजालावर उघडलें होतें. त्याचें नांव विकी. आपलीं मुलें शाळेच्या अभ्यासासाठीं जो विकिपीडिया उघडतात, त्यानें आपलें अर्धें नांव व चालरीत तेथूनच घेतली आहे.