शस्त्रक्रिया हृदयाची, व्यायाम श्वासाचा

तळेरे हे नाक्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो. एक रस्ता विजयदुर्गाकडे उतरतो आणि दुसरा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठतो. हृदयशस्त्रक्रियेसाठी आमच्या परिसरातील रुग्ण याच रस्त्यांनी कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्यास जातात आणि काही दिवसांनी याच रस्त्यांनी परततात. शस्त्रक्रिया दूरच्या शहरात होते. तिच्यातून सावरणे मात्र घरच्या पडवीत घडते. या सावरण्यात श्वसनस्नायूंचा वाटा मोठा असूनही त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

हृदय दुरुस्त झाले, मग दम का लागतो?

हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेत बहुधा छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, उभी कापून नंतर तारांनी जोडतात. हे हाड सांधण्यास साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. त्या काळात दुखेल या भीतीने रुग्ण वरवर श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. परिणामी फुप्फुसाच्या तळाकडील वायुकोश मिटतात, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

श्वास घेण्याचे मुख्य काम श्वासपटल करते. छाती व पोट यांच्यामधील हा घुमटाकार स्नायू खाली सरकला की फुप्फुसे फुगतात. भूल, कृत्रिम श्वसनयंत्र आणि अंथरुणावरील विश्रांती यांमुळे तो दुबळा होतो. त्याला आज्ञा देणारी नस हृदयाच्या कडेने जाते. शस्त्रक्रियेत तिलाही कधीकधी इजा पोहोचते व ती बरी होण्यास काही महिनेही लागू शकतात. हातपाय अशक्त झाले तर ते दिसते. श्वासपटलाची अशक्तता दिसत नाही, ती केवळ धाप लागल्यावर कळते.

तीन गोळ्यांचे यंत्र

घरी परतणाऱ्या अनेक रुग्णांच्या पिशवीत तीन रंगीत गोळ्यांचे प्लॅस्टिकचे यंत्र असते आणि आठवडाभरात ते फळीवर जाते. ज्यांच्या घरी ते वापरले जाते तेथेही बहुधा तिन्ही गोळे उडवण्याची चढाओढ लागते. वास्तविक गोळे वर जातात ते श्वासाच्या वेगामुळे. हवा किती आत गेली हे ते सांगत नाहीत. झटक्याने तीन गोळे उडवण्यापेक्षा एक-दोन गोळे सावकाश, अधिक वेळ तरंगत ठेवणे हिताचे. ताठ बसावे, एक हात पोटावर ठेवावा, श्वासाबरोबर पोट पुढे येते का ते पाहावे, दोन-तीन सेकंद थांबून हळू सोडावे. पाच-दहा श्वासांनंतर विसावा घ्यावा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी; म्हणजे हाडाला आधार मिळतो आणि कफ सुटतो.

हे यंत्र फुप्फुस उघडण्याचा सराव देते. स्नायूंचे बळ वाढविण्यासाठी निराळे उपकरण असते. त्यात स्प्रिंगची झडप असून ठरावीक जोर लावल्याखेरीज हवा आत येत नाही. नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथे बायपासपूर्वी गुंतागुंतीचा धोका अधिक असलेल्या २७९ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे, रोज २० मिनिटे हा व्यायाम देण्यात आला. आरंभीचा रोध रुग्णाच्या कमाल श्वासबळाच्या ३० टक्के होता. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाची गुंतागुंत व्यायाम केलेल्यांत १८ टक्के, तर इतरांत ३५ टक्के आढळली. आठवड्यातील सहा दिवस रुग्ण घरीच व्यायाम करीत. एक दिवस फिजिओथेरपिस्ट पाहत असे.

आमच्या भागासाठी यातील बोध महत्त्वाचा आहे. योजनेची मंजुरी, रक्ताची सोय, पैशांची जुळवाजुळव यांत शस्त्रक्रियेपूर्वीचे दिवस काळजीत जातात. ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने हेच दिवस श्वासाच्या तयारीत घालवावेत. विडी-सिगारेट व मिश्री त्याच दिवशी सोडावी. वाट पाहण्याचे दिवस वाया जाण्याचे कारण नाही.

काय टाळावे, केव्हा यावे

शस्त्रक्रियेनंतर रोधाचे उपकरण शल्यचिकित्सकांच्या सल्ल्यानेच सुरू करावे. प्राणायामाची आवड असणाऱ्यांनी सुरुवातीचे आठवडे दीर्घ कुंभक, कपालभाती व भस्त्रिका टाळाव्यात. संथ श्वसन पुरेसे आहे. विहिरीचे पाणी ओढणे, लाकडे फोडणे, भरली घागर उचलणे हाड सांधेपर्यंत वर्ज्य. चुलीच्या धुरापासून दूर राहावे. चालताना सहज बोलता येईल इतकाच वेग ठेवावा.

ताप, वाढती धाप, पिवळा-हिरवा कफ, जखमेतून स्राव, छातीच्या हाडात कटकट आवाज किंवा एका पायाची सूज, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालयात यावे. छातीत दाब आल्यास किंवा चक्कर आल्यास व्यायाम तत्काळ थांबवावा.

घरच्या मंडळींना आमची एकच विनंती आहे. रुग्णाला 'पडून राहा' म्हणणे ही माया आहे, पण दर तासाने उठवून बसवणे आणि पाच-दहा श्वास मोजणे ही सेवा आहे. येत्या गणपतीत त्यांनी आरतीची ओळ दम न लागता पुरी म्हणावी, अशी आपली इच्छा असेल, तर फळीवरचे ते यंत्र आजच खाली काढावे.