दुसऱ्याचा माल, आपली कारागिरी : पर्सिस्टंटची वाढ

पिंजारी गिऱ्हाईकाचा कापूस पिंजून गादी भरून देतो व मजुरी घेतो; गादी गिऱ्हाईकाची. रोहण्यातील कारागीर बांधवांना हा व्यवहार नवा नाही. पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीचा पाया अशाच मजुरीच्या कामावर घातला गेला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून व तेथील ह्युलेट-पॅकार्डची नोकरी सोडून आलेल्या आनंद देशपांडे यांनी ती १९९० साली काढली. परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांचा माल येथे तयार होई व त्यांच्याच नावाने बाजारात जाई. सुरुवातीचा भर डेटाबेसवर, म्हणजे व्यवहाराच्या नोंदी साठवून हव्या तेव्हा काढून देणाऱ्या यंत्रणेवर होता.

अशा धंद्यात मालाची जाहिरात करावी लागत नाही, दुकान थाटावे लागत नाही. परंतु नाव दुसऱ्याचे असल्याने भाव वाढवून मागणे अवघड जाते, आणि मोठ्या गिऱ्हाइकाने हात आखडला की आपले कारागीर रिकामे बसतात. पुढे कंपनीने बँका व आरोग्यसेवेतील संस्थांची कामे थेट घेतली. २०१० साली तिचे शेअर बाजारात आले. २०२२-२३ मध्ये वार्षिक उलाढाल १०० कोटी डॉलरपुढे गेली. आपल्या नागपुरातही तिचे केंद्र आहे.

२०१९ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून देशपांडे यांनी बाहेरचा माणूस आणला व स्वतः अध्यक्षपदी राहिले. आपल्याकडे गल्ल्याची किल्ली मुलाखेरीज कोणाच्या हाती देण्याचा विचार क्वचितच होतो.