आज रात्री साडेनऊला वीज तोडणार?

विजेचे बिल भरण्यासाठी तालुक्याच्या गावी जाऊन खिडकीपुढे ताटकळत उभे राहण्याचे दिवस आता बहुतेक सरले आहेत. कॉलेजात जाणारा मुलगा ओसरीवर बसल्या बसल्या दोन मिनिटांत मोबाईलवरून बिल भरून मोकळा होतो. ही सोय चांगलीच आहे. तिला नाके मुरडणारांपैकी आम्ही नव्हे. परंतु या सोयीच्या आडोशाने घरात शिरणारे चोरही आहेत, आणि दाराची कडी त्यांना बहुधा आपणच काढून देतो.

2022 साली देशभर एका संदेशाचा सुळसुळाट झाला. निरनिराळ्या वेषांत तो आजही फिरत असतो. मागील महिन्याचे बिल नोंदले गेलेले नाही, सबब आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडण्यात येईल, ताबडतोब अमुक अधिकाऱ्यास फोन करा, असा त्याचा आशय. वेळ रात्रीचीच का? कारण त्या वेळी कचेरी बंद असते आणि खरेखोटे करून घेण्यास कोणी भेटत नाही. बेळगावकडच्या आमच्या सीमाभागात तर आणखी एक अडचण आहे. हेस्कॉमचे बिल कन्नडमध्ये, धमकीचा संदेश इंग्रजीत, आणि घरी एकटी असलेली आजी मराठी वाचणारी! तिला त्यातला एवढाच अर्थ लागतो की आता घरात काळोख होणार.

फोन लावला की पलीकडचा गृहस्थ मोठा अदबीने बोलतो. बिल भरले आहे हे तोही मान्य करतो. फक्त नोंद राहिली आहे, म्हणतो. त्यासाठी मोबाईलवर एक लहानसे अॅप उतरवून घ्या आणि दहा रुपये भरा, एवढीच त्याची विनंती. दहा रुपयांसाठी कोण संशय घेणार? पण खरी मेख त्या अॅपमध्ये असते. आपल्या मोबाईलचा पडदा दूर बसलेल्या माणसाला जसाच्या तसा दाखविणारे ते साधन होय. दुरुस्तीच्या प्रामाणिक कामासाठी अशी साधने निघाली. ठकांनी ती उचलली. मग आजी कार्डावरचे अंक टिपत असते आणि तो ते वाचत असतो. बँकेकडून आलेला ओटीपीही आजीच्या आधी त्याच्या नजरेस पडतो.

वस्तुतः हा सारा डाव एका खोट्यावर उभा आहे. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 56 सांगते की, बिल थकले म्हणून वीज तोडावयाची असेल, तर आधी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना दिली पाहिजे. (आगाऊ पैसे भरण्याच्या प्रीपेड मीटरची गोष्ट निराळी.) सकाळी धमकी आणि रात्री काळोख, असा कायदा नाही. म्हणून असा संदेश आला तर त्यातील क्रमांकास फोन करू नये. छापील बिलावरील क्रमांकास करावा, किंवा उजाडल्यावर सरळ कचेरीत जावे. इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांकही विश्वासाचा नव्हे. ठक तेथेही आपले क्रमांक पेरून ठेवतात.

बिल भरण्यास लागते तरी काय? बिलावरचा ग्राहक क्रमांक. तो घातला की नाव आणि रक्कम पडद्यावर येते. नाव आपलेच आहे ना, एवढे पाहावे आणि पैसे भरावेत. आधार क्रमांक, जन्मतारीख, पासबुकाचे छायाचित्र यांचा तेथे काही संबंध नाही. यूपीआयचा पिन तर पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. जादा भरलेले पैसे परत करतो, पिन घाला, असे कोणी म्हटले, तर तो देणारा नसून घेणारा आहे असे खुशाल समजावे.

आमच्या खेड्यांत दुसरीही एक रीत पडली आहे, आणि ती आम्हांस अधिक बोचते. म्हातारी माणसे मोबाईल दुकानातल्या पोराच्या हाती देतात आणि चारचौघांत मोठ्याने पिन सांगतात. पोरगा भला असेलही. पण मागे उभे असलेले सारेच भले असतील कशावरून? मोबाईल त्याच्या हाती द्यावा, पिन मात्र स्वतःच्या बोटांनी दाबावा. बोटांना सवय नसेल तर नातवाने चार दिवस बसून शिकवावे.

इतके करूनही घात झालाच, तर लाजेने गप्प बसू नये. केंद्रीय गृहखात्याच्या 1930 या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. लवकर कळले तर ठकाच्या खात्यात गेलेले पैसे अडविता येण्याचा संभव असतो. त्याच वेळी बँकेलाही कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. 2017 साली रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे, आपणच पिन वा ओटीपी दुसऱ्यास दिला असेल तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान आपल्या माथी येते. कळविल्यानंतरचे मात्र बँकेने सोसावयाचे असते. सूनबाई रागावतील म्हणून दोन दिवस गोष्ट दडवून ठेवणारी सासू त्या दोन दिवसांचा सारा भार आपल्याच खात्यावर घेत असते.