बायांचा हिशेब

सार्वजनिक संस्थांच्या इतिहासात देणगीदारांची नावे असतात, कार्यकारी मंडळाचे ठराव असतात, कोनशिलांच्या तारखा असतात. ज्या घरातून ती संस्था निघाली, त्या घरातील चूल कशी पेटत होती, याची नोंद मात्र त्यात क्वचितच सापडते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्यापुरती ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली आहे, आणि तिचे श्रेय त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्याकडे जाते. १९४४ साली त्यांची आत्मकथा 'माझे पुराण' या नावाने प्रसिद्ध झाली, तेव्हा बाया सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. घर सुना-नातवंडांनी भरलेले होते. हिंगण्याच्या माळावरील संस्थेचा वटवृक्ष झाला होता. अशा वेळी कृतार्थतेचे चार शब्द बोलून थांबणे सोपे होते. बायांनी ते केले नाही. त्यांनी आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडला, आणि त्यात खर्चाची बाजू लपवली नाही.

त्यांचे माहेरचे नाव गोदूबाई जोशी. कोकणात देवरुखच्या परिसरात त्यांचे बालपण गेले. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळच्या बालविधवेच्या वाट्याला जे येई, म्हणजे कष्ट, मौन आणि दुसऱ्याच्या घरातील कोपरा, तेच त्यांच्या वाट्याला आले. सुदैवाने भाऊ नरहरपंत मुंबईस शिकत होते. धोंडोपंत कर्वे हे त्यांचे स्नेही. नरहरपंतांनी बहिणीस मुंबईस आणले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदासदन उघडले, त्या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात त्यांचा आणि कर्वे यांचा पुनर्विवाह झाला. कर्वे तेव्हा विधुर होते, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते, आणि पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता.

विवाहाची किंमत लगेच चुकवावी लागली. मुरूड गावाने कर्वे यांच्यावर बहिष्कार घातला, आणि मुलाला घरात घेतले तर आईलाही वाळीत टाकू, असे बजावले. परंतु बायांच्या आयुष्यातील खरी विसंगती याहून सूक्ष्म होती. १८९६ साली कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. सनातनी आईबापांनी आपल्या विधवा मुली तेथे निर्धास्तपणे पाठवाव्यात, यासाठी आश्रमाचा पुनर्विवाहाच्या चळवळीशी संबंध ठेवायचा नाही, असे धोरण त्यांनी स्वीकारले. व्यवहारदृष्ट्या ते योग्यच होते. पण या धोरणाचा अर्थ असा झाला, की आश्रमाच्या संस्थापकाची पुनर्विवाहित पत्नी आश्रमाच्या कारभारात उघडपणे वावरू शकत नव्हती. बायांची सख्खी धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवा होती व तिने पुनर्विवाह केला नाही. ती आश्रमाचा आधारस्तंभ झाली, आश्रमाच्या कामासाठी पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आली. एकाच घरच्या दोन बहिणी, एकीला सभागृहाचे दार उघडे आणि दुसरीला तेच दार बंद! ही खंत बायांनी मनात दडवून ठेवली नाही.

घरची स्थिती तर विचारूच नये. आजीव सभासदाचा पगार दरमहा ७५ रुपये. कर्वे यांनी साठवलेली पुंजी आश्रमाला दिली, आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या झोपडीत गेल्यावर महाविद्यालय सुटताच चार मैल चालत तेथे जाणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. मुलांच्या पोटापाण्याची चिंता बायांच्या पदरी पडली. त्यांनी नवऱ्याशी भांडण केले आणि ते जगाला सांगितलेही. पण भांडून त्या थांबल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, येणाऱ्याजाणाऱ्या निराधार स्त्रियांना घरात ठेवून घेतले, आणि ज्या संस्थेने त्यांना लांब ठेवले तिच्यासाठीच हिंडून वर्गणी गोळा केली.

१९७२ साली वसंत कानेटकरांचे 'हिमालयाची सावली' हे नाटक रंगभूमीवर आले. नानासाहेब भानू आणि बयो या पात्रांमागे कर्वे दांपत्य आहे, हे मराठी प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. नाटकाचे नाव सुंदर आहे, तरीही त्याविषयी थोडे थबकावेसे वाटते. सावलीला स्वतःचे मत नसते. बायांना होते. सावली हिमालयाला प्रश्न विचारीत नाही. बायांनी जन्मभर विचारले. जगाच्या लेकरांसाठी झिजणाऱ्या माणसाचे स्वतःच्या लेकरांशी काही देणे लागते की नाही, हा त्यांचा प्रश्न क्षुद्र नव्हता. त्यागाची कीर्ती एकाची होते आणि त्याचा भार मात्र साऱ्या घरावर पडतो, हे सत्य त्यातून पुढे येते. समाजसेवकांच्या चरित्रकारांनी हे सत्य टाळण्याचेच शहाणपण बहुधा दाखवले आहे.

या ओढाताणीतून घर मोडले नाही, हे विशेष. रघुनाथरावांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी प्राध्यापकी सोडली व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत राबले. धाकट्या सूनबाई कावेरीबाईंनी सासूच्या आठवणी संपादित करून ग्रंथरूपाला आणल्या. दुसऱ्या सूनबाई इरावतीबाई मानवशास्त्रज्ञ व लेखिका म्हणून नावारूपाला आल्या. नातींपैकी जाई निंबकर आणि गौरी देशपांडे यांनीही लेखणी हाती धरली. ज्या बाईने मुंबईच्या वाटेवर, वाढत्या वयात, धुळाक्षरांपासून प्रारंभ केला, तिच्या घरात तिसऱ्या पिढीत दोन लेखिका निपजाव्यात, याहून स्त्रीशिक्षणाचा बोलका पुरावा कोणता?

बाया १९५० साली निवर्तल्या. १९५८ साली महर्षींना भारतरत्न मिळाले, तो दिवस पाहण्यास त्या नव्हत्या. पण त्यांनी कोणाच्या गौरवाची वाट पाहिली नव्हती. आपला हिशेब त्या आपल्याच तोंडाने सांगून मोकळ्या झाल्या होत्या, आणि तो लिहून घेणारी सून त्यांना लाभली होती.

प्रत्येक घराला असे भाग्य लाभत नाही. आजही गावोगावच्या शाळा, वाचनालये, महिला मंडळे यांच्या मागे एखादी आजी उभी असते. तिने कोणाच्या मुलांना जेवू घातले, कोणाची फी भरली, त्यासाठी घरात काय कमी पडले, हे तिच्या नातवंडांना तेराव्या दिवसानंतर कळते, किंवा कळतही नाही. शोकसभेत अशा स्त्रीला 'माउली' म्हणणे सोयीचे असते, कारण माउली तक्रार करीत नाही. ती हयात असतानाच तिच्यापाशी बसून, तिच्या तक्रारींसकट, तिचे पुराण उतरवून घेणे हे अधिक कष्टाचे काम आहे. हातात लेखणी असलेल्या शिक्षकांना, कारकुनांना आणि विद्यार्थ्यांना ते अवघड नाही. बायांच्या सुनेने ते केले, म्हणून एका संस्थेच्या इतिहासाची दुसरी बाजू आज वाचावयास मिळते.