भरलेल्या गाडीचा मागचा कॅमेरा : जागा कोठे असावी?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू होतो. ऊसतोडणीसाठी बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या कुटुंबासह येतात. आईबाप तोडणीत आणि मोळ्या बांधण्यात गुंतलेले असतात आणि लहान मुले फडाच्या कडेलाच खेळत असतात. ऊन चढले की सावलीसाठी ती उभ्या ट्रॉलीजवळ येऊन बसतात. अशा वेळी चालकाने ट्रॅक्टर मागे घेतला तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

हा धोका ओळखून अनेक शेतकरी व वाहनमालक पिकअप, ट्रक आणि ट्रॅक्टरला मागचा कॅमेरा बसवू लागले आहेत. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना (चालक सोडून आठपर्यंत आसने असलेल्या) मागे घेताना इशारा देणारे सेन्सर सक्तीचे झाले. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेराच सक्तीचा आहे. २०१९ चा आपल्याकडील नियम मालवाहू पिकअप, ट्रक वा ट्रॉलीसाठी नव्हता. त्यामुळे शेतमालाच्या वाहनावर ही सोय बहुधा मालकालाच करून घ्यावी लागते.

मात्र कॅमेरा बसवला म्हणजे काम झाले, असे नाही. तो रिकाम्या गाडीवर बसवलेला असतो आणि गाडी मागे घ्यायची वेळ येते ती बहुधा भरलेली असताना. माल चढला की कॅमेरा झाकला जातो आणि पडद्यावर फक्त उसाची टोके किंवा ताडपत्री दिसते. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : कॅमेऱ्याची जागा गाडीचे शेवटचे टोक पाहून न ठरवता, भरलेल्या मालाचे शेवटचे टोक पाहून ठरवावी.

कोणत्या वाहनावर कोठे?

१) पिकअप : कॅमेरा सहसा मागच्या फाळक्यावर असतो. द्राक्षबागेचे बांबू किंवा ठिबकचे पाइप नेताना फाळका खाली सोडावा लागतो आणि कॅमेरा थेट जमिनीकडे पाहू लागतो. अशा गाडीत कॅमेरा फाळक्यावरून काढून मागच्या बंपरवर किंवा चासीच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर घ्यावा. शेळ्यांसाठी उंच जाळीचा पिंजरा किंवा फवारणीची टाकी असा काढता-घालता येणारा सांगाडा मागे बाहेर येत असेल, तर मूळ कॅमेरा तसाच ठेवून सांगाड्याच्या मागच्या चौकटीवर दुसरा कॅमेरा लावावा. दोन कॅमेरे जोडता येणारा पडदा घेतल्यास सांगाडा उतरवल्यावर फक्त प्लग काढावा लागतो.

२) ट्रक : उसाच्या ट्रकमध्ये हौद्याच्या वरच्या कडेला कॅमेरा लावू नये. मोळ्या चढवताना तो तुटतो आणि नंतर झाकला जातो. चासीच्या मागच्या आडव्या तुळईखाली, सुमारे एक मीटर उंचीवर तो ठीक राहतो. तेथे चिखल उडतो, म्हणून वर पत्र्याची छोटी झडप द्यावी आणि रोज ओल्या फडक्याने काच पुसावी.

३) ट्रॅक्टर-ट्रॉली : ट्रॅक्टरवरचा कॅमेरा ट्रॉली जोडल्यावर निरुपयोगी ठरतो. कॅमेरा ट्रॉलीच्या मागच्या तुळईवर आणि पडदा चालकासमोर, अशी व्यवस्था करावी. पट्टी नट-बोल्टने काढता येणारी असावी, म्हणजे कारखान्यावर ऊस उतरवण्यापूर्वी कॅमेरा काढून ठेवता येईल. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर कॅमेऱ्याच्या भरवशावर मागे घेण्याचा प्रयत्न करू नये. मागची ट्रॉली आधी सोडवावी.

उंचीचा हिशेब

कॅमेरा जितका उंच तितके लांबचे चांगले दिसते, पण जवळचे हुकते. समजा, कॅमेऱ्याच्या दृष्टीची खालची कड ४५ अंशांत जमिनीकडे जाते. मग कॅमेरा दोन मीटर उंचीवर असेल तर जमीन दोन मीटरपासून पुढे दिसेल. एक मीटरवर असेल तर एक मीटरपासून दिसेल. त्याच्या आत बसलेले मूल पूर्ण दिसणार नाही. म्हणून कॅमेरा खाली झुकवून पडद्याच्या खालच्या कडेला स्वतःच्या गाडीचा बंपर किंवा तुळई थोडीशी दिसेल असा कोन साधावा.

बसवल्यानंतर चाचणी घ्यावी. प्लॅस्टिकचे फळांचे क्रेट उभे ठेवले की त्याची उंची साधारण अर्धा मीटर, म्हणजे बसलेल्या लहान मुलाएवढी होते. गाडी पूर्ण भरलेली असताना इंजिन बंद करून, हँडब्रेक लावून क्रेट मागे अर्धा, एक, दोन व तीन मीटरवर, मध्ये आणि दोन्ही कोपऱ्यांना ठेवून पाहावे. जेथे ते दिसत नाही ती आंधळी जागा चालकाला प्रत्यक्ष दाखवावी.

पडद्यावरील हिरव्या, पिवळ्या व लाल रेषा ठरावीक उंचीसाठी व कोनासाठी आखलेल्या असतात. कॅमेऱ्याची जागा बदलली की त्या रेषांवरचे अंतर खरे राहत नाही. शिवाय माल कॅमेऱ्याच्या मागे ६० सेंमी बाहेर आला असेल, तर भिंतीला आधी मालच लागेल. मुळात माल असा बाहेर काढू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी वीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

वायरिंग करताना

• पिकअप व बहुतेक ट्रॅक्टरला १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकला २४ व्होल्टची बॅटरी असते. फक्त १२ व्होल्टचा कॅमेरा ट्रकला थेट जोडल्यास जळतो. १२ ते २४ व्होल्टवर चालणारा घ्यावा.
• वीज रिव्हर्स दिव्याच्या वायरवरून घ्यावी व मध्ये छोटा फ्यूज द्यावा. ट्रॅक्टरला रिव्हर्स दिवा नसल्यास डॅशबोर्डवर वेगळे बटण बसवावे.
• ट्रॉलीवरील कॅमेऱ्याला अर्थिंगसाठी हुकाच्या लोखंडावर विसंबू नये. परतीची स्वतंत्र वायर न्यावी.
• हुकाजवळ प्लग ठेवावा. वळणावर ताण येणार नाही एवढी वायर सैल असावी, पण ती पीटीओ शाफ्टला लागता कामा नये.
• वायर सायलेन्सरपासून दूर न्यावी. पत्र्याच्या छिद्रातून नेताना रबरी बूच बसवावे.
• चासीला छिद्र पाडू नये, क्लॅम्प वापरावा. वेल्डिंग करावेच लागले तर आधी बॅटरीच्या वायरी सोडवाव्यात.
• बिनतारी कॅमेऱ्यालाही वीज लागतेच. लांब लोखंडी ट्रॉलीवर त्याचे चित्र मध्येच अडकू शकते. तेथे वायरचा कॅमेरा भरवशाचा.
• डावीकडचा माणूस पडद्यावर डावीकडेच दिसतो का, हे तपासावे.
• कॅमेऱ्याने नंबरप्लेट, मागचे दिवे किंवा परावर्तक पट्ट्या झाकू नयेत.

रात्री कॅमेऱ्यातील छोटे दिवे काही मीटरच पुरतात. मागे पांढरा रिव्हर्स दिवा असलाच पाहिजे.

कॅमेरा असला तरी

कॅमेऱ्याला मागचे दिसते, ट्रॉलीखालचे दिसत नाही. चाकाशेजारी झोपलेले मूल पडद्यावर येणार नाही. म्हणून फडात पुढील शिस्त पाळावी.

गाडी हलवण्यापूर्वी चालकाने खाली उतरून भोवती एक फेरी मारावी व खाली वाकून पाहावे. मुकादमाने टोळीतील एका जाणत्या व्यक्तीवर मुलांची जबाबदारी द्यावी. तिने सर्व मुले एका बाजूला घेऊन मोजावीत आणि मगच चालकाला खूण करावी. खूण करणारा माणूस आरशात दिसेल असा उभा राहावा, ट्रॉलीच्या मागे कधीही नको. तो दिसेनासा झाला की गाडी तेथेच थांबवावी. हॉर्न वाजवून थोडे थांबावे व मगच सावकाश मागे घ्यावी. शक्य असेल तर फडात गाडी अशी लावावी की भरल्यावर ती सरळ पुढेच निघेल. मागे घेण्याची वेळच आली नाही, तर त्याहून चांगले काय?

कॅमेरा, वायर आणि पट्टी मिळून होणारा खर्च एका हंगामाच्या वाहतुकीपुढे फार मोठा नाही. येत्या हंगामात गाडी पहिल्यांदा भरली की कारखान्याकडे निघण्यापूर्वी एक क्रेट मागे ठेवून पडदा अवश्य पाहावा. क्रेट दिसले नाही, तर कॅमेऱ्याची जागा त्याच दिवशी बदलून घ्यावी.