संकेतस्थळ रखडतंय? आधी वेळ कुठे जातो ते मोजा

२१ मे २०२५ला अकरावी प्रवेशाची नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं. संपूर्ण राज्याचे प्रवेश एकाच ठिकाणाहून करण्याचं ते पहिलंच वर्ष होतं. नोंदणी थांबवून २६ मेपासून ती पुन्हा सुरू करावी लागली. त्याच वर्षी जानेवारीत जीएसटीचं पोर्टल बंद पडल्याने विवरणपत्रांची मुदत वाढवावी लागली होती.

उल्हासनगरचा जीन्सचा घाऊक व्यापारी असो की अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला कारखाना, बिलं, साठा, हजेरी आता वेब अ‍ॅप्लिकेशनवर असतात. ती रखडली की माल अडतो, विद्यार्थ्याचा जीव टांगणीला लागतो. मग घाईत उपाय होतात आणि अनेकदा ते भलत्याच ठिकाणी होतात. त्यामागचे हे नेहमीचे गैरसमज.

गैरसमज १ : आपलं नेटच स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या.

वस्तुस्थिती : संगणकावर ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, ‘नेटवर्क’ उघडा आणि पान पुन्हा लोड करा. एकेका विनंतीवर क्लिक केलं की वेळेची फोड दिसते: जोडणीला किती, सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात किती, डाउनलोडला किती. वाट पाहण्यात चार सेकंद आणि डाउनलोडला पाव सेकंद जात असेल, तर दुखणं बहुधा सर्व्हरकडे आहे. प्लॅन वाढवून पैसे जातील, वेळ वाचणार नाही.

गैरसमज २ : सर्व्हर दुकानातच ठेवला की वेग वाढतो.

वस्तुस्थिती : ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बदलापूर ते सीएसएमटी हे ६८ किलोमीटर तो एक तृतीयांश मिलीसेकंदात कापतो. म्हणजे सर्व्हर मुंबईत असला तरी अंतराचा फरक जाणवणार नाही. अमेरिकेत असेल तर मात्र जाण्यायेण्याच्या एका फेरीला साधारण २०० मिलीसेकंद लागतात, आणि एका पानासाठी एकामागून एक वीस फेऱ्या झाल्या की चार सेकंद गेलेच. तेव्हा फेऱ्या कमी करा किंवा सर्व्हर मुंबईत आणा. अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा २०१६पासून मुंबईतून मिळते.

गैरसमज ३ : रॅम आणि प्रोसेसर वाढवला की प्रश्न सुटतो.

वस्तुस्थिती : दहा लाख बिलांतून एक शोधायचं आहे आणि त्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे शोधसूची, नाही, तर डेटाबेसला सगळी बिलं चाळावी लागू शकतात. इंडेक्स असेल तर वीसेक तुलनांत काम होतं. दुसरा नेहमीचा दोष यादीच्या पानावर सापडतो. शंभर बिलं एका क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला एकदाच विचारून, आणली, पण प्रत्येक ग्राहकाचं नाव वेगळ्या क्वेरीने मागवलं, की एका पानाला १०१ क्वेरी लागतात. चाचणीच्या पन्नास बिलांवर हे कळत नाही, ऐन दिवाळीच्या हंगामात कळतं. ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा दिली की डेटाबेस कोणत्या वाटेने शोधतो आहे ते स्वतःच सांगतो. मोठ्या यंत्राचा खर्च त्यानंतर ठरवावा.

गैरसमज ४ : सर्व्हर ८० टक्केच व्यग्र आहे, अजून वाव आहे.

वस्तुस्थिती : विनंत्या ठरावीक अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात. रांगेच्या अगदी साध्या गणितानुसार सर्व्हर ५० टक्के व्यग्र असताना उत्तराला तो मोकळा असतानाच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट आणि ९० टक्क्यांना दहापट. शेवटच्या तारखेची गर्दी गृहीत धरूनच क्षमता ठरवायला हवी.

गैरसमज ५ : पान अडकलं की रिफ्रेश करत राहावं.

वस्तुस्थिती : जुनी विनंती बऱ्याचदा सर्व्हरवर चालूच राहते आणि तिच्यावर नवी चढते. समजा, सर्व्हर एका वेळी ४० विनंत्या हाताळतो आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागतो. सेकंदाला ८० जणांचं काम होईल. डेटाबेस मंदावून तोच वेळ दोन सेकंद झाला की फक्त २० जणांचं होईल, आणि रिफ्रेशमुळे मागची रांग वाढतच जाईल. यात दोष वापरणाऱ्याचा नाही. गर्दीच्या वेळी रांगेतला क्रमांक दाखवणारं पान देणं हे बनवणाऱ्याचं काम आहे.

गैरसमज ६ : सरासरी वेळ चांगला आहे, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती : ९९ जणांना अर्ध्या सेकंदात उत्तर मिळालं आणि एकाला तीस सेकंद लागले, तरी सरासरी ०.८ सेकंदच येते. तो एक जण कदाचित सगळ्यांत मोठी ऑर्डर नोंदवत असेल. म्हणून सर्वांत संथ पाच टक्के विनंत्या वेगळ्या काढून तपासाव्यात. घाईने सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी लॉगची आणि चालू प्रक्रियांच्या माहितीची प्रत ठेवावी, कारण ही माहिती रीस्टार्टने पुसली जाऊ शकते आणि कारण अंधारातच राहतं.

रखडण्याचं कारण शोधता येतं. ब्राउझर, नेटवर्क, अ‍ॅप्लिकेशन, डेटाबेस या क्रमाने प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजा आणि सर्वांत जास्त वेळ खाणारा टप्पा आधी सुधारा. सॉफ्टवेअर विकणाऱ्याने मोठ्या सर्व्हरचं दरपत्रक पुढे केलं, तर त्याच्याकडे आधी ही वेळेची फोड मागा. पैसे तुमचे आहेत, तेव्हा ती मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.